प्रौढांमधील मधुमेह ‘स्वप्रतिरोधी’ आहे का, हे कसे तपासावे

पस्तिशी-चाळिशीत साखर वाढलेली आढळली की टाइप २ मधुमेह गृहीत धरून गोळ्या सुरू होतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असते. काहींमध्ये मात्र शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करत असते. अशा मधुमेहाला स्वप्रतिरोधी किंवा टाइप १ म्हणतात; प्रौढ वयात हे नुकसान सावकाश होत असेल, तर त्या प्रकाराला ‘लाडा’ म्हणतात.

कोणाची तपासणी करावी, हा पहिला प्रश्न. वय ३५ च्या आत, वजनात झपाट्याने घट, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ), स्वतःला किंवा घरात थायरॉइडचा स्वप्रतिरोधी आजार, गोळ्या नियमित घेऊनही थोड्याच काळात साखर हाताबाहेर जाणे, यांपैकी काही असल्यास शंका घ्यावी. केवळ सडपातळ बांध्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये; बीड-परभणीकडील शेतमजुरांत आणि ऊसतोड कामगारांत काटक शरीराचे टाइप २ रुग्णही आढळतात. तरुणपणापासून वारंवार पोटदुखी असेल, तर मधुमेह स्वादुपिंडातील खड्यांमुळे नाही ना, हे पाहण्यासाठी सोनोग्राफीही करून घ्यावी.

रोगप्रतिकारशक्तीने बीटा पेशींविरुद्ध तयार केलेली प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे (अँटिबॉडी), रक्तात तपासता येतात. सर्व प्रतिपिंडांचे महागडे पॅनेल एकदम करण्याचे कारण नाही. प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारे जीएडी ६५ प्रतिपिंड आधी तपासावे. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही आणि इन्सुलिन सुरू असले तरी ही तपासणी चालते. तालुक्याच्या गावी रक्त देऊन नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवता येतो. ते निगेटिव्ह आले आणि शंका कायम असली, तर आयए-२ आणि झेडएनटी८ या दुसऱ्या दोन प्रतिपिंडांची तपासणी करावी. इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडाला इन्सुलिन सुरू झाल्यानंतर निदानासाठी अर्थ उरत नाही, कारण टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही ते तयार होते.

अहवाल वाचताना आकडा आणि रुग्ण दोन्ही पाहावेत. पातळी जेमतेम वाढलेली आणि बाकी चित्र टाइप २ चे असेल, तर दुसऱ्या प्रतिपिंडाने खात्री करावी. उलट, प्रौढ वयात टाइप १ झालेल्या सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत एकही प्रतिपिंड सापडत नाही. अशा वेळी, विशेषतः निदानाला तीन वर्षे उलटल्यावर, सी-पेप्टाइड उपयोगी पडते; शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे त्यावरून कळते. जेवणानंतर पाच तासांच्या आत, त्याच वेळच्या साखरेसह ते करावे. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णात ते ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास टाइप १ कडे, तर १.८ पेक्षा जास्त असल्यास टाइप २ कडे कल समजावा. दोहोंच्या मधल्या आकड्यावर निर्णय राखून ठेवून काही वर्षांनी तपासणी पुन्हा करावी.

प्रतिपिंडे पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच इन्सुलिन लागेलच असे नाही. सी-पेप्टाइड चांगले असेल, तर नियमित देखरेखीखाली काही काळ थांबता येते. तरी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या टाळाव्यात, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे डापाग्लिफ्लोझिन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था) होऊ शकतो. हंगामासाठी सहा महिने कारखान्याच्या भागात जाणाऱ्यांनी अहवालाची प्रत सोबत ठेवावी. उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागल्यास साखरेचा आकडा काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठून कीटोन तपासून घ्यावेत.