रक्ताच्या रिपोर्टवरून शरीराचं वय काढताना

शरीराचं वय, म्हणजे जन्मतारखेपलीकडे शरीर किती झिजलंय याचा अंदाज, काढायला महागडं पॅकेज लागत नाही. २०१८ साली मांडलेल्या 'फेनोएज' पद्धतीला खऱ्या वयाशिवाय नऊच आकडे पुरतात: अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), साखर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा), अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृत-हाडांतलं एन्झाइम) आणि सीबीसीतले, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतले, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइटचे (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टक्के, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार), आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातला फरक). सांगली-मिरजेत या साध्याच तपासण्या आहेत. सीआरपी 'हाय-सेन्सिटिव्हिटी' सांगा, नाहीतर रिपोर्टवर नुसतं '५ पेक्षा कमी' येतं. जोडीला फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, मागून घ्या.

रक्त सकाळी द्या, ८ ते १० तास उपाशी, पाणी चालतं. ताप येऊन गेला असेल तर दोन आठवडे थांबा. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीत दिवसभर राबून लगेच दुसऱ्या सकाळी रक्त देऊ नका. गर्भनिरोधक गोळ्यांनी सीआरपी वाढतो, तेवढं लक्षात ठेवा. गरोदरपणात हा हिशेब नकोच: वारेमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज चढतं, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन उतरतात.

फेनोएजच्या सूत्रात आकडे भरताना घोळ होतो तो एककांचा. आपल्याकडच्या रिपोर्टमधलं अल्ब्युमिन १० ने गुणा, क्रिएटिनिन ८८.४ ने गुणा, साखर १८ ने भागा. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर १० ने भागा. पांढऱ्या पेशी ७२०० म्हणजे ७.२. आरडीडब्ल्यू दोन छापलेले असतात. टक्क्यांतला, 'सीव्ही' लिहिलेला घ्या. चुकून 'एसडी'चा ४४ टाकलात तर पस्तिशीतल्या बाईचं वय शंभरीपार जातं!

खरी मेख लोहाची. आरडीडब्ल्यू १ टक्क्याने वाढला की वय साधारण साडेतीन वर्षांनी चढतं, आणि लोह कमी पडलं की पहिला हाच वाढतो. आरडीडब्ल्यू १७, एमसीव्ही ७२, हिमोग्लोबिन १०.२ असा रिपोर्ट हातात आला तर तो म्हातारपणाचा म्हणून वाचू नका. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोह संपलंय. सीआरपी जास्त असेल तर मात्र फेरिटिन फसवं, चांगलं दिसतं. पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या गुळावर ही तूट भरत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा दोन तास लांब ठेवा.

गोळ्या सुरू झाल्यावर आरडीडब्ल्यू आधी उलट वाढतो, कारण नव्या मोठ्या पेशी जुन्या बारक्या पेशींत मिसळतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून पुढची मोजणी चार महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये.