दहावीचा निरोप समारंभ: फिशपॉन्ड आणि विनोदी मनोगत लिहिताना या चुका टाळा

निरोप समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेच्या टेबलावर फिशपॉन्डचा, म्हणजे मुलांनी एकमेकांवर लिहिलेल्या थट्टेच्या चिठ्ठ्यांचा, खोका उपडा करते. बुटाचा खोका, वरून घोटीव कागद चिकटवलेला, झाकणाला चीर. आतल्या चिठ्ठ्या वहीच्या मधल्या पानांच्या असतात. काहींना चार-चार घड्या, काहींची तोंडं डिंकाने बंद केलेली. बरीच वर्षं दहावीची वर्गशिक्षिका म्हणून हे काम करते आहे, आणि अजून एकही वर्ष असं गेलं नाही की सगळ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा वाचता आल्या. मुलं वाईट असतात म्हणून असं होत नाही. घाईत, शेवटच्या तासाला, शेजारच्याच्या चिठ्ठीत डोकावत लिहिलं की असं होतं.

फिशपॉन्डला आपल्याकडे जुना शब्द आहे, शेलापागोटे. शेला आणि पागोटं, दोन्ही मानाची वस्त्रं. ज्याचा सत्कार करायचा त्याच्या अंगावर आणि डोक्यावर घालायची. कुणीतरी थट्टेच्या दोन ओळींना हे नाव दिलं ते मला फार आवडतं, कारण चांगल्या फिशपॉन्डचं काम तेच आहे. ज्याच्यावर तो लिहिलाय त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करायचं आणि म्हणायचं, हा आमचा, याला आम्ही ओळखतो. पुढच्या सगळ्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

दिसण्यावर, आडनावावर, बोलण्यावर लिहिणे

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या याच असतात, म्हणून यावर जरा थांबते. उंची, जाडी, रंग, चष्मा, दात, तोतरेपणा, आडनाव, गाव, जात. हे लिहायला त्या मुलाला ओळखावं लागत नाही. रस्त्यावरून जाणारा माणूसही ते लिहू शकेल. पाच-सहा वर्षं एका बाकावर बसून तुम्हाला तेवढंच दिसलं असेल तर तुम्ही त्या मुलाकडे नीट बघितलेलंच नाही.

एका वर्षी एका मुलीच्या रंगावरून दोन ओळी आल्या होत्या. यमक अगदी चोख. मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, आणि मदतीला बसलेल्या चार-पाच जणांना विचारलं, ‘हिच्याबद्दल अजून काय माहीत आहे तुम्हाला?’ बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, ‘बाई, ती प्रत्येक पेपरला दोन पेनं जास्त आणते. कुणाचं बंद पडलं की देते. परत मागत नाही.’ दुसरी म्हणाली, ‘हो, माझ्याकडे पण आहे एक.’ तिथल्या तिथे नवी चिठ्ठी तयार झाली:

‘हिने वाटलेली पेनं गोळा केली तर स्टेशनरीचं दुकान निघेल, फक्त त्या दुकानात उधारीची वही सापडणार नाही.’

दुसऱ्या दिवशी हे वाचलं तेव्हा हॉल हसला, आणि हसता हसता मुलं खिसे चाचपायला लागली. तीन पेनं तिथेच परत आली. एक तर टोपणाशिवायचं, चावलेलं. ती पोरगी ओंजळीत पेनं घेऊन लाल होऊन उभी होती.

आणि एका वर्षी माझ्या नजरेतून एक चिठ्ठी सुटली. अडखळत बोलणाऱ्या मुलावर होती. वाचणाऱ्याने ती अडखळतच वाचली. तो मुलगाही सगळ्यांबरोबर हसला, म्हणून मला वाटलं निभावलं. पण नंतर वर्गाच्या फोटोला तो आलाच नाही. तो फोटो माझ्याकडे आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी जागा मोकळी आहे, कारण दोन्ही बाजूच्या मुलांनी त्याच्यासाठी ती धरून ठेवली होती. तेव्हापासून मी एकही चिठ्ठी न वाचता पुढे जाऊ देत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. चिठ्ठीत ‘आहे’ऐवजी ‘करतो’ किंवा ‘करते’ येऊ दे. तो कसा आहे हे लिहू नका, तो काय करतो ते लिहा. डबा कुणाला देतो, कोणत्या तासाला कुठे बघत बसतो, फळ्यावर बडबडणाऱ्यांची नावं लिहिताना मॉनिटर कुणाचं नाव हमखास गाळतो.

जोड्या लावा

प्रश्नपत्रिकेतला हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतच राहू दे. अमक्याचं नाव तमकीशी जोडून केलेला विनोद वर्गाला दोन मिनिटं पुरतो, आणि मुलीच्या घरी मात्र महिनाभर पुरतो. कार्यक्रमाला पालक असतात, शेजारची धाकटी भावंडं नववीत असतात. घरी गोष्ट पोचते ती वाढूनच पोचते. परीक्षेच्या तोंडावर एखादीचा क्लास बंद होऊ शकतो, फोन काढून घेतला जाऊ शकतो. यात अपवाद करू नका, दोघांनी हसत हसत ‘चालेल’ म्हटलं तरीही.

तयार चारोळ्या उतरवणे

इंटरनेटवरून घेतलेला फिशपॉन्ड ऐकताक्षणी कळतो. त्यात नाव काढून दुसरं घातलं तरी काही बिघडत नाही. छडी, अंगठे धरून उभं राहणं, कोंबडा हे विनोद तर तुमच्या वडिलांच्या काळचे आहेत. मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली आहे. तुम्ही न खाल्लेल्या छडीवर कशाला लिहायचं? तुमच्याकडे तुमचं स्वतःचं आहे की: अपुरी प्रयोगवही, सराव परीक्षेच्या आदल्या रात्री गटावर पडलेले सत्तर मेसेज, ऑफ तासाला नेमके येणारे दुसरे सर.

यमकाच्या मागे लागून खोटं लिहिलं जातं, तेही टाळा. ‘छान’ला यमक हवं म्हणून कधी न गाणाऱ्याला ‘गातो गान’ म्हटलं तर कोण हसणार? आधी खरी गोष्ट पकडा, मग शब्द हलवून बघा. मागे एका मुलाने लिहिलं होतं:

‘डबा याचा, पोळी याची, भाजी आईची छान;
मधल्या सुट्टीत मालकालाच उरायचं रिकामं पान.’

यमक आहे, पण त्याआधी त्यात तो मुलगा आहे.

नाव आधी सांगून टाकणे

ही वाचणाऱ्याची चूक. ‘पुढचा फिशपॉन्ड अमुकसाठी’ म्हटलं की सगळे त्याच्याकडे बघतात आणि ओळी हवेत जातात. आधी ओळी वाचा, मग एक श्वास थांबा, मग नाव. त्या एका श्वासात वर्ग आपणच नाव ओरडतो, आणि तो ओरडला की चिठ्ठी जमली. कुणालाच ओळखता आलं नाही तर ती चिठ्ठी त्या मुलाची नव्हतीच, असं मी समजते.

हसू आलं नाही तर विनोद समजावून सांगत बसू नका. नाव घ्या, त्याला टाळी मिळवून द्या, पुढची चिठ्ठी उचला. चार मित्रांनाच कळेल असा विनोद असेल तर आधी नववीतल्या एखाद्याला ऐकवून बघा. त्याचा चेहरा कोरा राहिला तर ती चिठ्ठी बसच्या प्रवासासाठी ठेवा.

दहाच जणांवर पन्नास चिठ्ठ्या

वर्गातली बोलकी, खेळातली, खोडकर मुलं सगळ्यांना आठवतात. कोपऱ्यातल्या बाकावरच्या मुलीच्या नावाची एकही चिठ्ठी येत नाही, आणि पूर्ण कार्यक्रमभर ती आपलं नाव येईल म्हणून बसून राहते. हे मला टोचलेल्या शब्दापेक्षाही जास्त लागतं. म्हणून हजेरीपट समोर घ्या आणि प्रत्येक नावासमोर खूण करा. एकाला एक, जास्तीत जास्त दोन. वेळेचं गणितही सुटतं: साठ मुलं आणि प्रत्येकी अर्धा मिनिट म्हटलं तर अर्ध्या तासात सगळे होतात. गैरहजर असेल त्याचीही चिठ्ठी वाचायची आणि जपून ठेवायची.

या यादीत शिपाई मामा, प्रयोगशाळेतले दादा, पाण्याची टाकी बघणाऱ्या मावशी यांना धरायला विसरू नका. उशिरा आलेल्या पोरांना फाटकातून कोण आत घेत होतं, हे मुख्याध्यापकांसमोर वाचावं की नाही, ते मात्र आधी मामांना विचारा.

शिक्षकांची नक्कल

नक्कल करावी, जरूर करावी. मुलांनी आपल्याला इतकं बारकाईने बघितलंय हे कळणं शिक्षकालाही हवं असतं. फक्त लंगडणं, घोगरा आवाज, पदर, टक्कल यांना हात लावू नका. तासाची लकब घ्या. ‘हे बोर्डाला विचारतात बरं का’ हे वाक्य दिवसातून किती वेळा येतं, ‘थोडक्यात सांगते’ म्हणून सुरू झालेला धडा घंटा वाजली तरी पहिल्याच परिच्छेदात कसा असतो. आमच्याकडे भूमितीच्या सरांवर एकाने म्हटलं होतं, ‘सर फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचे ते चंद्रासारखं गोल, आम्ही कंपास घेऊन काढलेलं बटाट्यासारखं.’ सरांनी उठून जागेवरूनच हवेत वर्तुळ काढून दाखवलं. ज्या विनोदात शिक्षकाचं कसबही दिसतं, तो त्यांना जन्मभर आठवतो.

नवीन आलेल्या, जेमतेम वर्ष झालेल्या शिक्षकांची नक्कल टाळलेली बरी. आणि कुणी दुखावलंच, तर स्टेजवरून माफी मागत बसू नका, कार्यक्रमभर तोच विषय होतो. संपल्यावर लगेच, दुसऱ्या दिवसावर न टाकता, स्टाफरूममध्ये जाऊन बोला.

मनोगताची सुरुवात

‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग’ इथपर्यंत ठीक. त्यानंतरचं ‘एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात आसू’ आणि घरट्यातून उडणारी पाखरं आता सोडून द्या. ती वाक्यं तुमच्या ताईनेही म्हटली होती. एखाद्या वस्तूपासून सुरू करा: वर्गातला तो तिसरा पंखा, जो फक्त साहेब तपासणीला आले की फिरायचा. चार मिनिटांत साडेचारशे शब्दांच्या आसपास मावतात, तेवढेच लिहा. दुसरी प्रत एका मैत्रिणीच्या हातात ठेवा. रडू आलं तर कागद तिच्याकडे द्यायचा, तिने तिथूनच पुढे वाचायचं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

काही वर्ग नववीला ‘मृत्युपत्र’ वाचून दाखवतात: शेवटचा बाक अमक्याला, खिडकी तमक्याला. कल्पना चांगली आहे, पण नाव बदला. ज्याच्या घरचं कुणी नुकतंच वारलंय असं मूल सभागृहात असू शकतं. त्यापेक्षा ‘बक्षीसपत्र’ लिहा. बक्षीसपत्र जिवंतपणी करतात, आणि घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं. म्हणजे नववीच्या प्रतिनिधीला स्टेजवर बोलावून ‘तिसऱ्या पंख्यासह, आहे त्या स्थितीत’ सही घेता येते. आमच्या मुलांनी साक्षीदार म्हणून मामांचा अंगठा शाईत बुडवून उठवून घेतला होता. मामा उत्तम सही करतात, पण अंगठ्यासाठी हटूनच बसले.

तारीख आणि माईक

दहावीची लेखी परीक्षा २०२४ मध्ये १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. जुन्या हिशेबाने फेब्रुवारीच्या मध्याला समारंभ ठेवला तर निम्मी मुलं मनाने परीक्षा केंद्रावर असतात. संक्रांतीला तिळगुळाच्या डब्याबरोबरच चिठ्ठ्यांचा खोका वर्गात फिरवा. आठ-दहा दिवस तो तिथेच राहिला की लिहिणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. आणि फिशपॉन्ड अल्पोपहाराच्या आधी घ्या, समोशाच्या पिशव्या दिसल्या की कुणाचं लक्ष राहत नाही. क्रम असा: फिशपॉन्ड, मग मुलांची मनोगतं, मग शिक्षकांची. हसून मोकळं झाल्यावर रडू सहज येतं, रडून झाल्यावर हसू ओढून आणावं लागतं.

माईक शिट्टी मारत असेल तर तो स्पीकरच्या समोर आलेला असतो. स्पीकर स्टेजच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे ठेवा, माईक मागे. कॉर्डलेस असेल तर नवे सेल खिशात हवेत. वीज गेली तर थांबू नका, खाली उतरून मुलांच्या मधोमध उभं राहून वाचा. आमचा एक कार्यक्रम असाच झाला आणि तो सगळ्यात छान रंगला.

मोबाइलवर चित्रीकरण करायला हरकत नाही, पण कुणावरची चिठ्ठी त्याला न विचारता स्टेटसला टाकायची नाही, हे सूत्रसंचालन करणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं.

२०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली. त्या वर्षी माझा वर्ग स्क्रीनवरच्या छोट्या चौकोनांत निरोप घेऊन गेला. खोका नव्हता, चिठ्ठ्या नव्हत्या. पुढे त्यांच्यातले काही जण दाखला न्यायला आले तेव्हा व्हरांड्यात उभं राहून एकमेकांवर तोंडीच फिशपॉन्ड करत होते, आणि मी खिडकीतून ऐकत होते.

वाचून झालेल्या चिठ्ठ्या कचऱ्यात टाकू नका. बाहेर पडताना दाराशी हजेरीपटाच्या क्रमाने ज्याची त्याला द्या. हॉल तिकिटासाठी घेतलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात मागच्या बाजूला ती बरोबर बसते. फक्त पेपरच्या दिवशी पाकिटातून आठवणीने बाहेर काढायची, परीक्षा केंद्रावर लिहिलेला कागद चालत नाही.