चैत्र तापायच्या आत: रोडबाइकवाल्यांची उन्हाळी तयारी

फेब्रुवारी सरला की पुण्यातल्या निम्म्या रोडबाइक, म्हणजे शर्यतीच्या हलक्या सायकली, भिंतीला टेकतात. आपल्याकडे शर्यतींचा हंगाम थंडीतला. तो उरकला की ‘आता जूननंतर बघू’ म्हणत मंडळी आमरसाकडे वळतात. मग नोव्हेंबरात पुणे–गोवा डेक्कन क्लिफहँगर या सायकल शर्यतीचे सुमारे ६४० किलोमीटर डोळ्यांपुढे आले, की सगळं पुन्हा श्रीगणेशापासून. मी दोन उन्हाळे असेच घालवले. तिसऱ्या वर्षी दुसरं टोक गाठलं: मार्चमधला रविवार, सकाळचे साडेदहा, दिवेघाट. पालखीच्या दिवसांत हिरवा दिसणारा हा घाट तेव्हा उघडाबोडका असतो, सावली औषधालाही नाही. वरच्या वळणावर भर उन्हात अंगावर शहारे आले आणि मी मुकाट्याने सायकलवरून उतरलो. तेव्हापासून ऊन हासुद्धा एक घाटच धरतो. पहिल्या वळणापासून जोर लावला की वर पोचत नाही.

१. उन्हाची सवय लावून घ्या

याला १० ते १४ दिवस द्या. पहिले चार दिवस सकाळी आठनंतर अर्धा-पाऊण तास, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. मग वेळ हळूहळू दीड तासापर्यंत न्या. जोर वाढवू नका. या दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडू लागले, की सवय लागली म्हणायची. सुरुवातीला मात्र ठोके वाढलेले आणि वेग पडलेला दिसेल. तिथे स्पीडोमीटरशी भांडू नका, ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याचा आकडा पाहून चालवा. ही सवय टिकाऊ नाही. दोन आठवडे एसीत बसलात तर बरीचशी उतरते.

२. जोराचा सराव पहाटे

आठवड्यातून दोनदाच जोर. मंगळवारी बोपदेव घाटात आठ-आठ मिनिटांचे चार जोर, मध्ये चार मिनिटं निवांत पॅडल. शनिवारी सिंहगड, पण उजाडताना पायथ्याशी पोचायचं, म्हणजे घरून निघताना पुढचा-मागचा दिवा हवाच. रविवारची लांब राइड साडेनऊच्या आत घरी. बाकीचे दिवस हलके, एक दिवस पूर्ण सुट्टी. ज्याला पहाटे उठणं जमत नाही त्याने घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, जोर काढावा, पण समोर टेबलफॅन लावून. पंख्याशिवाय ट्रेनर म्हणजे भट्टी.

३. घाम मोजा

बहुतेक जण हे टाळतात, आणि फसतात ते इथेच. तासाभराच्या राइडआधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. समजा ६८ किलोचे ६७.३ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर ताशी घाम सुमारे १.२ लिटर. तो सगळा भरून काढायची गरज नाही. उलट नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं, तेही घातकच.

बाटलीत काय? एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हा घरगुती जलसंजीवनीचा हिशेब. चव मात्र दवाखान्याची. मी एक बाटली याची आणि एक कैरीच्या पन्ह्याची नेतो. पन्हं गाळून घ्या, नाहीतर गर तोंडाशी अडकतो आणि ऐन चढावर बाटली नुसती पिळत बसावं लागतं. कोकम सरबतही झकास. रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

४. सायकलकडे एक नजर

पहाटे २० अंशांना ८० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांना तापला की ८८च्या आसपास जातो. म्हणून कमाल मर्यादेपर्यंत हवा ठासू नका. घामाने हँडलचे बोल्ट गंजतात, घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

५. भर उन्हातली २०० किलोमीटरची बीआरएम

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. ही शर्यत नव्हे, पण घड्याळ असतंच: साडेतेरा तास. सुरुवात पहाटेची असेल तर अकरापर्यंत निम्म्याहून जास्त अंतर कापा, धाप न लागता. दुपारी बारा ते तीन या वेळात एक लांब थांबा आधीच ठरवून ठेवा. दहीभात, ताक, डोक्यावर पाणी. जुन्या पातळ मोज्यात बर्फ भरून मानेवर ठेवा. दिसायला विचित्र दिसतं, पण फरक पडतो.

६. कधी थांबायचं

शहारे, चक्कर, मळमळ यांपैकी काहीही जाणवलं की सावली गाठा. सोबत्याला त्याच्या घरचा पत्ता विचारा. उत्तर देताना अडखळला किंवा असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा: जर्सी उघडा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. सायकल जवळच्या टपरीवाल्याकडे ठेवा, संध्याकाळी नेता येते.