रोममधे ट्रायम्फचा रूट पायी कसा बघायचा

ट्रायम्फ म्हणजे प्राचीन रोममधली विजयी सेनापतीची मिरवणूक. सुरुवात सर्कस मॅक्सिमसपासून, म्हणजे रथशर्यतींच्या जुन्या मैदानापासून करा. तिथून पॅलाटाइन टेकडीला डावीकडे ठेवत सान ग्रेगोरियो रस्त्याने कॉन्स्टंटाइनच्या कमानीपर्यंत यायचं, ही मिरवणूक साधारण इथूनच जायची. पुढे फोरमचं, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचं, तिकीट लागतं, कोलोसियमच्या तिकिटात ते येतं.

आता टायटसच्या (जेरुसलेम जिंकणारा सेनापती, पुढे सम्राट) कमानीखाली घाई अजिबात करू नका!! कोलोसियमकडून आत आलात की डावीकडे जेरुसलेमची लूट, सात फाट्यांचा दिवा खांद्यावर घेतलेली माणसं, आणि उजवीकडे चार घोड्यांच्या रथात टायटस, मागून विजयदेवी त्याच्या डोक्यावर मुकुट धरतेय. ही इ.स. 71 ची मिरवणूक, आणि दगडात इतकी जिवंत की मला तरी तिथून हलवत नाही.

मग व्हिया साक्रा या जुन्या रस्त्याने फोरममधून कॅपिटोल टेकडीकडे. पायथ्याशी तुलियानम तुरुंग नक्की बघा. सहा वर्षं कैदेत ठेवलेल्या व्हर्सिंगेटोरिक्सला (सीझरशी लढलेला गॉल लोकांचा नेता) सीझरने इ.स.पू. 46 मधे मिरवणुकीत फिरवून मग ठार मारलं, हे वाईट वाटतं पण हा भाग वगळून ट्रायम्फ कळतच नाही. शेवटी वर कॅपिटोलाइन म्युझियममधे रोमनांचा मुख्य देव ज्युपिटर याच्या देवळाचा पाया आहे, सेनापती तिथेच बैलांचा बळी द्यायचा.