मोटरस्पोर्टमध्ये यायचंय? मग आधी विल्यम्स टीम का घसरली ते नीट बघा

"ताई, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" दर वर्षी हा प्रश्न येतोच. कुणी पंचवटीतल्या कॉलेजमधलं असतं, कुणी महिरावणीहून येतं, कुणी गंगापूर रोडवरचं. बाजा किंवा सुप्रा या कॉलेजच्या मुलांनी स्वतः गाडी बनवण्याच्या स्पर्धांच्या टीममध्ये नुकतीच निवड झालेली असते आणि मनात फॉर्म्युला वन असतं. मीही नाशिकच्याच एका कॉलेज टीममधून बाहेर पडले. आता अंबडच्या एका मशिनिंग युनिटमध्ये प्लॅनिंग बघते. इथपर्यंत येतानाची घालमेल अजून विसरलेली नाही, म्हणूनच हे लिहितेय. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी फॉर्म्युला वनमधली विल्यम्ससारखी एवढी मोठी टीम खाली कशी आली ते समजून घ्या, कारण तिचा आजार तुमच्या टीममध्ये आजही असणार आहे.

इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगते. फ्रँक विल्यम्स आणि पॅट्रिक हेड यांनी १९७७ मध्ये टीम उभी केली. १९७९ ला सिल्व्हरस्टोनमध्ये क्ले रेगाझोनीने पहिली शर्यत जिंकली. १९८० ते १९९७ या काळात कन्स्ट्रक्टर्सची (म्हणजे टीमची) ९ आणि ड्रायव्हर्सची ७ विजेतेपदं आली. १९९२ ची मॅन्सेलची एफडब्ल्यू१४बी, ॲक्टिव्ह सस्पेन्शनवाली, तिचे फोटो तर तुमच्या होस्टेलच्या भिंतीवरही असतील. १९९७ नंतर एकही विजेतेपद नाही. शेवटचा विजय २०१२ चा, स्पेनमध्ये, पास्तोर माल्डोनाडोचा. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं टीम शेवटच्या क्रमांकावर राहिली, २०२० मध्ये तर एकही गुण मिळाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टीम डॉरिल्टन कॅपिटलला विकली गेली आणि पुढच्याच महिन्यात विल्यम्स कुटुंब बाहेर पडलं.

का घसरली असं विचारलं की मुलं पटकन म्हणतात, इंजिन गेलं. इंजिन देणाऱ्या कंपन्यांपैकी १९९७ नंतर रेनॉ गेली, २००५ नंतर बीएमडब्ल्यू गेली, हे खरं आहे. पण इंजिन त्याआधीही गेलं होतं. १९८७ मध्ये दोन्ही विजेतेपदं जिंकल्यावर होंडा निघून गेली, १९८८ ला जड (Judd) नावाच्या कंपनीच्या इंजिनावर एकही शर्यत जिंकता आली नाही, आणि तरीही चार वर्षांत तीच टीम १९९२ चं विजेतेपद घेऊन उभी होती. उलट बाजूही बघा. २०१४ पासून त्यांच्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन होतं, त्या काळातलं सर्वोत्तम. २०१४ आणि २०१५ ला तिसरा क्रमांक मिळालाही. २०१८ ला त्याच कंपनीच्या इंजिनावर मर्सिडीजने दोन्ही विजेतेपदं घेतली आणि विल्यम्स ७ गुणांसह शेवटची आली. मग इंजिनाला किती दोष देणार?

पैसा कमी पडला, हेही खरं आहे. २०१८ नंतर मार्टिनीसारखा मुख्य प्रायोजक गेला. पण पैसा कमी असताना काम कसं चालतं, हे टीमच्या हातात असतं, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

त्याआधी एक गोष्ट सांगते. गाड्यांचा डिझायनर एड्रियन न्यूई १९९० मध्ये विल्यम्समध्ये आला आणि १९९६ च्या अखेरीस गेला. कंपनीत वाटा मिळावा, मोठ्या निर्णयांत आपलं मत विचारलं जावं, अशी त्याची इच्छा होती. ते झालं नाही. १९९७ च्या विजेत्या गाडीवर त्याचा हात फिरलेला होता, १९९८ ला तो मॅक्लारेनकडून जिंकत होता. कॉलेज टीममध्ये हे दर जूनमध्ये घडतं. फायनल इयरचा सस्पेन्शनवाला दादा कॅम्पसमध्ये निवड होऊन पुण्याला जातो, त्याच्याबरोबर त्याचा लॅपटॉप जातो आणि लॅपटॉपबरोबर पूर्ण सस्पेन्शन जातं. दादाला दोष देऊ नका. त्याच्या डोक्यातलं कागदावर उतरवायला टीमने कधी वेळच काढलेला नसतो.

आता मुख्य मुद्दा. इथे मी लांबण लावणार आहे आणि तुम्ही ती सहन करा, कारण याच खड्ड्यात आमचा एक अख्खा सीझन गेला.

२०२३ च्या फेब्रुवारीत जेम्स व्हाऊल्स मर्सिडीजमधून विल्यम्सचा प्रमुख म्हणून आला. त्याला तिथे काय दिसलं? गाडीच्या सगळ्या भागांची नोंद एका एक्सेल शीटमध्ये होती, साधारण २०,००० भागांची. एखादा भाग बनवायला किती खर्च येतो, किती दिवस लागतात, किती नग ऑर्डरमध्ये आहेत, याचा त्या शीटवरून पत्ता लागत नव्हता. ९ वेळा जग जिंकलेल्या टीमची ही गोष्ट आहे. आणि यादी अशी असेल तर काय होतं, ते मैदानावर आधीही दिसलं आणि नंतरही. २०१९ ला बार्सिलोनाच्या पहिल्या चाचणीत बाकी गाड्या सोमवारी धावल्या, विल्यम्सची गाडी बुधवारी दुपारी ट्रॅकवर आली. त्याच वर्षी रशियात त्यांचा ड्रायव्हर कुबित्सा याची चालती गाडी टीमने स्वतःहून बाहेर काढली, पुढच्या शर्यतींसाठी भाग वाचवायचे म्हणून. २०२४ ला मेलबर्नमध्ये पहिल्याच सरावात ड्रायव्हर आल्बनने चॅसी (गाडीचा मुख्य सांगाडा) मोडली, तर बरोबर तिसरी चॅसीच नव्हती. दुसरा ड्रायव्हर सार्जंट याची काही चूक नसताना त्याची गाडी आल्बनला दिली आणि सार्जंट शर्यतीला बसून राहिला. या सगळ्याला एकटी यादीच कारणीभूत होती असं मी म्हणत नाही. पण कुठला भाग कुठे अडकलाय हे ज्या टीमला वेळेवर कळत नाही, तिची गाडी उशिरा येते, घाईत जड होते आणि सुट्ट्या भागांशिवाय प्रवासाला निघते. २०२४ ची गाडी जडही होती.

आता आमचं ऐका. पुढच्या चाकांचे दोन अपराइट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा भाग), ७०७५ ॲल्युमिनियमच्या बिलेटमधून, म्हणजे अख्ख्या ठोकळ्यातून कापलेले. मध्येच ब्रेक कॅलिपर बदलला, त्यामुळे माउंटिंगची दोन भोकं सरकली. डिझाइन बदललं, नवं ड्रॉइंग मेलवर गेलं. पण व्हेंडरकडे मशीनला चिकटवलेली प्रिंट जुनी, पेन ड्राइव्हमधली. डावा अपराइट त्याआधीच बनून आला होता, उजवा नंतर आला. स्पर्धेसाठी पिथमपूरला निघायच्या तोंडावर असेंब्ली करताना कळलं की दोन्ही वेगवेगळ्या रिव्हिजनचे, म्हणजे ड्रॉइंगच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आहेत. नवीन बिलेट, पुन्हा व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) नंबर लावणं, तोवर ब्रेक टेस्टची तयारी गेली ती गेलीच. कुठली प्रिंट कधी आणि कुणी दिली याची नोंदच नव्हती, त्यामुळे कोण चुकलं हे आजही सांगता येत नाही. भांडण मात्र भरपूर झालं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात यादी बनवा. एक्सेलमध्ये बनवली तरी चालेल, तुमच्या गाडीला २०,००० भाग नसतात. प्रत्येक भागाला एकच नंबर द्या, त्यात असेंब्ली कळली पाहिजे. नंबरामागे रिव्हिजनचं अक्षर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रिंटवर तारीख आणि सही, आणि नवी प्रिंट द्यायला जाल तेव्हा जुनी परत घेऊन तिथेच फाडा. मेल केला म्हणजे काम झालं असं समजू नका; ऑपरेटर मेल बघत नाही, तो मशीनसमोरचा कागद बघतो. मटेरियल किंवा जॉब बाहेर गेला की चलनाचा नंबर यादीत लिहा. भाग नेमका कुठे आहे ते लिहा: मटेरियल आलंय, लेथवर आहे, हीट ट्रीटमेंटला गेलाय, तपासून स्टोअरमध्ये आलाय. "होतंय", "बोललोय", "उद्या देतो म्हणाले" असं काहीही यादीत लिहायचं नाही.

हीट ट्रीटमेंटचं वेगळं सांगते, कारण इथे सगळेच फसतात. तुमचे चार हब घेऊन कुणी भट्टी पेटवत नाही. त्याच मटेरियलचा आणि त्याच तापमानाचा दुसऱ्या कुणाचा लॉट आला की त्यात तुमचे टाकतात. म्हणजे काम काही तासांचं असलं तरी थांबणं आठवड्याचं असू शकतं. वायरकटचं, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनचं, तेच. यादीत कामाचे तास नका लिहू, भाग हातात पडेपर्यंतचे दिवस लिहा. बेअरिंग, डॅम्पर, कॅलिपर अशा विकतच्या वस्तूंची ऑर्डर डिझाइन पूर्ण व्हायच्या आधी जाते, हे डिझाइनवाल्यांना पटवावं लागतं. ते चिडतात. चिडू द्या.

आणि यादीला एक मालक असू द्या. पाच जणांनी भरायची यादी कुणीच भरत नाही. हे काम कुणाला नको असतं, सगळ्यांना एरो (गाडीवरून जाणाऱ्या हवेचं काम) किंवा सस्पेन्शन हवं असतं. तुम्ही पुढे होऊन ते घ्या. गाडीवर तुमच्या हाताने बनलेलं काही दिसणार नाही, घरी फोटो दाखवताना सांगायला काही नसेल, याचा त्रास होतो, मला झालाय. पण अख्खी गाडी कशी बनते हे टीममध्ये फक्त तुम्हाला कळेल.

आता शॉर्टकटबद्दल. पैसे भरून मिळणाऱ्या सीएफडीच्या (कॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह तपासण्याच्या) सर्टिफिकेटांवर माझा विश्वास नाही. रंगीत चित्रं सगळ्यांच्या रेझ्युमेत असतात. मुलाखतीला आम्ही फ्रेशर बोलावतो तेव्हा माझा प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या गाडीतला सगळ्यात उशिरा आलेला भाग कोणता, आणि त्याचं काय केलंत? ज्याने काम केलंय तो दहा मिनिटं बोलतो. मागच्या वर्षीची कॅड (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनची) फाइल उघडून नाव बदलणाऱ्याला पहिल्या वाक्यानंतर सुचत नाही. सीनियरची फाइल जरूर घ्या, पण त्यातली मिती तशीच का ठेवली होती हे विचारल्याशिवाय वापरू नका.

गुरूंच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. फॉर्म्युला वनमध्ये कसं जायचं हे व्हिडिओत सांगणाऱ्यांपेक्षा सातपूर-अंबडच्या शेडमधला एखादा जुना टर्नर किंवा फोरमन शोधा. मायकोतून (आताच्या बॉशमधून) निवृत्त झालेले कितीतरी काका या शहरात आहेत, ज्यांना ड्रॉइंग बघताच कळतं की हा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुणाच्याही मशीनवर बसणार नाही. त्यांच्यासमोर गप्प बसून ऐका. "काका, हे कसं धरणार तुम्ही मशीनवर?" एवढं विचारलं तरी महिन्याभरात तुमचं डिझाइन बदलेल. पहिल्या दिवशी हाकलतील, दुसऱ्या दिवशी चहा पाजतील.

परदेशी शिक्षणाचं विचारता, तर क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स दोन्हीकडे मोटरस्पोर्टचं एमएससी आहे, आणि विल्यम्सचा कारखाना जिथे आहे ते ग्रोव्हही ऑक्सफर्डशायरमध्येच आहे. पण घर गहाण ठेवून जाण्याआधी दोन वर्षं इथे काम करा. व्हिसा आणि नोकरी यांची हमी तिथे कुणी देत नाही, आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. घरच्यांना अर्धवट चित्र दाखवून सही घेऊ नका.

घाबरवायला लिहीत नाहीये. नाशिकमध्ये एक गोष्ट फार मोठी आहे: ड्रॉइंग, लेथ, व्हीएमसी, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, सगळं सायकलच्या टप्प्यात. मोठ्या शहरातल्या टीमना एका जॉबसाठी दिवस घालवावा लागतो, तुम्ही लेक्चर संपल्यावर जाऊन उभे राहू शकता. शिवाय टीम बुडाली तरी वर येते, फक्त वेळ लागतो. व्हाऊल्सने आधी कारखान्यातली ही जुनी व्यवस्था बदलायला घेतली आणि त्यासाठी २०२४ चा त्रास अंगावर घेतला. २०२५ ला बाकूमध्ये विल्यम्सचा कार्लोस साइन्झ तिसरा आला आणि मोसमाअखेर टीम पाचवी होती. व्हाऊल्स आला तेव्हापासून मोजलं तर जवळपास तीन वर्षं. तुमच्या हातात एक सीझन असतो, म्हणून यादी ऑगस्टमध्ये सुरू करायची, जानेवारीत नाही.

डिप्लोमावाले नेहमी विचारतात, आमचं काय? स्टोअर, क्वालिटी आणि प्लॅनिंग या तिन्ही ठिकाणी आमच्याकडे डिप्लोमाची मुलं डिग्रीवाल्यांच्या पुढे आहेत, कारण त्यांनी व्हर्नियर आधी हातात धरलेला असतो. अप्रेंटिसशिप मिळत असेल तर घ्या, स्टायपेंड कमी असला तरी. पहिल्या महिन्यात प्रत्येक मशीनवर जाऊन ऑपरेटरला एकच विचारा, तुमच्याकडे जॉब कशासाठी अडकून राहतो. उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि कॉलेज टीमच्या पहिल्या मीटिंगला ती वही बरोबर घेऊन जा.