चिनी लांबीच्या मापांचे रूपांतर : या चुका टाळा

इ. स. च्या तिसऱ्या शतकातील चीनच्या शू राज्याचा प्रधान झुगे लियांग याची उंची चिनी इतिहासग्रंथात ८ ‘चि’ (फुटासारखे लांबीचे माप) नोंदलेली आहे. आजच्या चीनमध्ये एक चि म्हणजे मीटरचा तिसरा भाग, म्हणजे ३३.३ सेंटिमीटर, त्याने गुणले तर हा प्रधान २.६७ मीटर उंच ठरतो. परंतु हे माप १९३० पासून लागू झालेले आहे. हान राजघराण्याच्या काळातील (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) चि सुमारे २३.१ सेंटिमीटरचा होता आणि त्या हिशेबाने उंची १.८५ मीटरच्या आसपास येते. सर्वांत जास्त होणारी चूक हीच: नाव तेच राहिले म्हणून मापही तेच राहिले असे गृहीत धरणे. छिंग काळात (१६४४ ते १९१२) तर एकाच वेळी बांधकामाचा चि सुमारे ३२ आणि शिंप्यांचा चि सुमारे ३५ सेंटिमीटरचा होता, त्यामुळे नुसते राजघराणे ठाऊक असून भागत नाही. माप कोणत्या कामासाठी घेतले होते हेही पाहावे लागते. आजही हाँगकाँगचा चि ३७.१५ आणि तैवानचा ३०.३ सेंटिमीटर भरतो.

‘ली’ या अंतरमापाचे रूपांतर अधिक फसवे आहे, कारण चि बदलला तशी एका लीमधील चिंची संख्याही बदलली. आजचा ली १,५०० चि, म्हणजे ५०० मीटर आहे. हान काळात तो १,८०० चि, म्हणजे सुमारे ४१६ मीटर होता. ह्युएन त्संगाने महाराष्ट्राच्या राजधानीचा घेर ३० लीपेक्षा अधिक सांगितला आहे. त्याच्या थांग काळात (इ. स. ६१८ ते ९०७) मोठा आणि लहान असे दोन चि प्रचलित होते व लहान चि मोठ्याच्या पाच षष्ठांश होता; ली १,८०० चि आणि मोठा चि ३० सेंटिमीटर धरला, तर हा घेर १३.५ ते १६.२ किलोमीटर यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. अशा अंदाजी आकड्याचे दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत रूपांतर करणे ही फसवी अचूकता होय.

‘बू’ म्हणजे पाऊल असे समजून ७० सेंटिमीटर धरू नयेत. चिनी बू दोन पावलांचा, हान काळात ६ चि, म्हणजे जवळजवळ १.३९ मीटरचा होता. ॲक्युपंक्चरमधील ‘त्सुन’ हा चिचा दहावा भाग नव्हे, तो रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीवरून ठरतो, म्हणून तिथे सेंटिमीटरची पट्टी वापरू नये.

उत्तर खटकले तर चुकलेले आणि अपेक्षित उत्तर यांचे गुणोत्तर पाहावे. ते १.४४ च्या जवळ असेल, तर हान काळातील आकड्यावर आजचा चि लावला गेला आहे. तीच चूक क्षेत्रफळात दुपटीहून थोडी अधिक दिसते. लांबीचे उत्तर नेमके दुप्पट किंवा निम्मे आले, तर ली आणि ‘गोंगली’ यांची गल्लत झालेली असते, कारण गोंगली म्हणजे सरळ किलोमीटर.