बऱ्याच वर्षांनी पोहताना पाय बुडतात, ते असे वर आणा

खूप वर्षांनी तलावात उतरून फ्रीस्टाइल (पालथं होऊन आळीपाळीने हात मारत) पोहलं की २५ मीटरमध्येच दम लागतो आणि दोष स्टॅमिन्यावर जातो. बहुतेकदा खरं कारण असतं बुडालेली कंबर. अंग तिरकं झालं की जास्त पाणी कापावं लागतं.

छातीत हवा असते म्हणून ती तरंगते, पाय मात्र जड. त्यात समोर बघायला डोकं उचललं की कंबर लगेच बसते. म्हणून दादरचा महात्मा गांधी तलाव असो की सोसायटीचा छोटा, नजर सरळ तळाकडे आणि मान सैल ठेवा.

आधी नुसतं घसरायला शिका. दोन्ही पायांनी भिंतीला रेटा द्या, हाताचे तळवे डोक्यापुढे एकावर एक, दंड कानांना चिकटलेले. पाय न मारता अंग थांबेपर्यंत जा. पाय लवकर खाली गेले तर हनुवटी वर आहे. छाती किंचित खाली दाबा. हे ६ वेळा, मगच हलकी किक जोडा. किक कमरेपासून मारा. गुडघे सायकलसारखे वाकले की मांड्या पाणी अडवतात.

श्वास घेताना सगळं पुन्हा बिघडतं. पाण्यात नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहा, मग अंगासकट कुशीवर वळा. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. दोन्ही बाहेर आल्या तर डोकं उचललंत.

२५ मीटरच्या ४ फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. पायांमध्ये फोम धरून सराव नको, तो कंबर आयती उचलून धरतो आणि चूक कळतच नाही.